धक्क्यावरची गाडी

या सदरात दर वेळी कुणी ना कुणी लिहितं — "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण..." ते वाचून मी आजवर हसत आलोय. आता तेच वाक्य माझ्यावर आलंय, आणि खरं सांगू का, लिहायचाही कंटाळा आलाय. लेक मागं लागली म्हणून बसलोय.

आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच देव्हारा गेला, अंगारे-धुपारे गेले. बाकीच्यांच्या गाड्यांना लिंबू-मिरची असायची, माझ्या गाडीला कधीच नव्हती. कुणी भुताची गोष्ट सुरू केली की मी म्हणायचो, "आण की त्याला, एक्सल बदलायचाय, हाताखाली माणूस पाहिजेच." गावभर माझी ही ख्याती होती. ती पुढं माझ्याच मुळावर येईल हे काय ठाऊक...

गाव आमचं वालूरहून सेलूकडं येताना आतल्या अंगाला. माझ्याकडं एक जुनी डिझेल पिकअप होती. आमच्याकडं सगळे तिला टेम्पोच म्हणत. सेलूच्या एका व्यापाऱ्यानं वापरून, पिळून, कंटाळून मला विकलेली. गावातला भाजीपाला, कापूस, कधी लग्नाचं वऱ्हाड — जे मिळेल ते सेलूला न्यायचं. जुनी डिझेल गाडी पाळणं म्हणजे काय ते पाळणाऱ्यालाच कळतं. नोझल साफ केलं की कमान तुटायची, कमान बसवली की क्लच जळायचा. रात्री झोपेतसुद्धा हातांना डिझेलचा वास. बायको म्हणायची, "सवत बरी, ती निदान घरात तरी काम करते."

गाडीचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर, तर केव्हाच गेला होता. दोनदा भरून आणला, दोनदा जळाला. मग नाद सोडला. चावी फिरवली की नुसतं "टक्" व्हायचं अन् पुढं काही नाही. गाव आमचं तळहातासारखं सपाट, उतार नावाला नाही. म्हणून गाडी धक्क्यावर. सकाळी दारातल्या कडुलिंबाखालून चार जणांनी ढकलायची, मी सेकंड टाकून क्लच सोडायचा, अन् काळा धूर काढत ती निघायची. एकदा निघाली की दिवसभर बंद करायची नाही. सेलूत बंद पडलीच तर मोंढ्यातले, धान्यबाजारातले, हमाल ढकलून द्यायचे.

हे चार जण म्हणजे लिंबाजी, त्याची दोन पोरं आणि जो दिसेल तो चौथा. लिंबाजीचं घर रस्त्यापलीकडं, आमच्या वस्तीच्या तोंडाशीच. शेतकरी माणूस, घरची बरी जमीन. आम्ही शाळेत एकत्र होतो. तो मला किसन्या म्हणायचा, मी त्याला लिंबाजीराव — एवढा फरक गावात राहायचाच. पण वर्षानुवर्षं सकाळी पहिला खांदा त्याचा लागायचा. ढकलता ढकलता शिव्या घालायचा, "किसन्या, बैल घे रे बाबा, बैल! त्याला चारा घातला की चालतो तरी!" तसा दोस्त मला दुसरा नव्हता.

मग विद्यापीठाचा नामविस्तार जाहीर झाला तो जानेवारी आला. आमच्या वस्तीत पेढे वाटले. गावात कुणी कुणाला हात लावला नाही, खोटं कशाला बोलू. पण बोलणं बंद झालं. पाराजवळून गेलं की माणसं दुसरीकडं बघायची. अन् एका सकाळी गाडीजवळ कुणी आलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लिंबाजीचं दार लोटलेलं. मी काय समजायचं ते समजलो. आमच्या वस्तीतले धडधाकट गडी ऊसतोडीला गेलेले, मागं म्हातारी माणसं अन् बाया. धंदा बसला. गाडी लिंबाखाली उभी राहिली अन् तिच्या टपावर कोंबड्या बसायला लागल्या.

धंद्याचं काही वाटलं नाही, पोट भरायला मजुरी असते. पण मार्चमध्ये सुजाताची, माझ्या थोरलीची, दहावीची परीक्षा होती. सेंटर सेलूला. आमच्या वस्तीतून दहावीला बसणारी ती पहिली पोरगी. त्यातच रस्त्यात एसटीवर दगड पडला अन् आमच्या बाजूची बस बंद झाली. सेलूत नातलग नाही. सायकलवर डबल सीट न्यायचं म्हटलं तर फाट्यावर पोरांची टोळकी बसलेली असायची. तरुण लेकीला घेऊन तिथून जायची माझी छाती होईना. म्हणजे गाडी निघाली तरच परीक्षा, नाही तर पोरगी घरात.

पहिल्या पेपरच्या सकाळी सुजाता पॅड मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसली. मागं तिची आई, माझी चुलती अन् शेजारची म्हातारी अशा तिघी ढकलायला. गाडी हातभर हलली अन् भुसभुशीत मातीत रुतली. चुलती धापा टाकत खालीच बसली. समोर लिंबाजी दारात उभा, तोंडात कडुलिंबाची काडी. आमची नजरानजर झाली. तो आत गेला.

मला इतका संताप आला की काय सांगू! सुजाता हळूच म्हणाली, "बाबा, राहू द्या. पुढच्या वर्षी बसते." त्या वाक्यानं मी पारच मोडलो. काहीतरी करायचं म्हणून, निव्वळ रागानं, मी चावी फिरवली.

अन् सेल्फ लागला.

खर्रर्र करून इंजिन फिरलं, धूर निघाला, गाडी थरथरायला लागली. कोंबड्या उडाल्या. बायको मागून ओरडली, "आत्ता गं बया!" मी सुजाताकडं बघितलं, सुजातानं माझ्याकडं. मी गियर टाकला. पेपर गाठला.

मला वाटलं, कुठं तरी गंज सुटला असेल, कार्बन चिकटला असेल. असतात अशी कारणं. दुसऱ्या दिवशी पेपर नव्हता, भाडं मिळालं होतं. चावी फिरवली. टक्. फिरवून फिरवून बोटं दुखली. टक्. पुढच्या पेपरच्या सकाळी पोरगी शेजारी बसली अन् पहिल्या झटक्यात गाडी सुरू! असं सगळ्या परीक्षेभर चाललं. पेपर असला की लागायचा, सुट्टी असली की मढं.

गणिताच्या पेपरला सुजाता आत गेल्यावर मी गाडी सेलूतल्या आमच्या मिस्तरीकडं, खाजाचाचाकडं नेली. त्यानं सेल्फ खोलून हातात धरला. आत कॉइल जळून कोळसा, कार्बनच्या ब्रशांचा पत्ता नाही, अन् कोपऱ्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं, तेही अख्खं. फिरला असता तर ती माती फुटली नसती का? चाचा म्हणाला, "किसनभाऊ, इसमें तो जान हीच नै. मजाक करते क्या मेरेसे?"

आता खरी लाजेची गोष्ट सांगतो. तो म्हणाला, हा फेकून दे, दुसरा जुना बसवतो. अन् मी — मी, जो भुताकडून एक्सल बदलून घेणार होतो — मी म्हणालो, "नको चाचा. जसा हाय तसाच बसव. माती बी काढू नको." चाचानं मान हलवत तो परत बसवला.

घरी आलो तर बायको म्हणे, "गाडीला नारळ फोडू का?" मी म्हणालो, "फोडलास तर गाडी विकीन." तिनं नारळ परत फडताळात ठेवला. पुढच्या पेपरला सेल्फ लागला.

परीक्षा संपली त्यानंतर तो कधीच लागला नाही. टक्, एवढंच. उसावरची माणसं परत आली, एसटी सुरू झाली, गावातलं वातावरणही हळूहळू सैल पडलं. एका सकाळी आमची पोरं गाडी ढकलत होती तर लिंबाजी रस्ता ओलांडून आला. मला वाटलं, आला बाबा दोस्त! मी हसलो.

तो हसला नाही. म्हणाला, "सेल्फ चालू हाय की तुझा. मग ही नाटकं कायला?"

"चालू न्हाई लिंबाजीराव. जळालेला हाय."

"गप रे. रोज दाराआड हुभा राहून ऐकलाय मी. पयल्या दिशी काडी टाकली, चप्पल घातली. म्हणलं, गाव गेलं खड्ड्यात, पोरीचा पेपर हाय. उंबऱ्याबाहेर पाय टाकणार, तवर तू सेल्फ मारला. दुसऱ्या येळंला बी तेच." त्यानं गाडीच्या पत्र्यावर हात मारला. "इतकी वर्सं माझ्या खांद्यावर गाडी लावून घेतली. आन् आतून हसत व्हतास व्हय रे?"

मी सगळं सांगितलं. कॉइल, माशीचं घर, चाचा. म्हणालो, चल सेलूला, त्यालाच विचार. त्यानं ऐकून घेतलं अन् मग एकच बोलला, "किसन्या, असलं काय बी नसतं, हे मला कुणी शिकवलं?"

जन्मभर ज्यानं चमत्काराची टिंगल केली त्यानंच आता म्हणायचं, माझ्या गाडीत चमत्कार झाला. कुणीही खोटारडाच म्हणेल. मीही म्हटलं असतं.

त्या पावसाळ्यात, भर दुपारी, लिंबाजी धावत आला. मागं त्याची पोरं बाजेवर वैनीला घेऊन. गवत कापताना तिला पान लागलं होतं. आमच्याकडं सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. पायाला काचून फडकं बांधलेलं, डोळे मिटायला लागलेले. मी उडी मारून गाडीत बसलो, तिला मागं घेतलं, चावी फिरवली.

टक्.

"सेल्फ मार ना!" लिंबाजी ओरडला.

टक्. टक्. मी त्या डॅशबोर्डवर मूठ आपटली. आयुष्यात मी कुणाला हात जोडले नाहीत, त्या दिवशी त्या लोखंडाला मनातल्या मनात म्हणालो, लाग बाबा, एकदा लाग, या माणसासमोर एकदा तरी लाग... टक्.

लिंबाजीनं खिडकीतून माझे दोन्ही हात धरले. "किसन, पाया पडतो तुझ्या. डूख धरू नको. चुकलं माझं. सेल्फ मार."

"ढकला," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

त्यांनी ढकललं. लिंबाजी रडत रडत खांदा लावत होता. गाडी धक्क्यावर लागली, जशी नेहमी लागायची. सेलूच्या दवाखान्यात वेळेवर पोचलो, सुई लागू पडली, वैनी वाचली. डॉक्टर बाहेर येऊन तसं म्हणाले तेव्हा मी लिंबाजीच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो. त्यानं तो बाजूला केला.

"उपकार हायेत तुझे," तो म्हणाला. "पर माझी बाईल मरायला टेकली असताना तू मला ढकलायला लावलंस. फिटलं आता आपलं."

तेव्हापासून आम्ही बोललो नाही. गाडी मी पुढं भंगारात दिली. सुजाता शिकली, आता शाळेत शिकवते. तिच्या परीक्षेला मेलेला सेल्फ कसा लागला, हे मी खूप जणांना विचारलं. कुणी शॉर्ट सर्किट म्हणतं, कुणी ओल, कुणी योगायोग. मला एकही पटत नाही. दुसरं काही मानायला मन तयार नाही. अन् खरं म्हणजे लागला कसा याचं मला आता काहीच वाटत नाही. लागायचंच होतं तर त्या दुपारी का नाही लागला, याचा राग मात्र अजून जात नाही.

लिंबाजी अजून समोरच राहतो, दोघंही म्हातारे झालोय. सुजाता आली की म्हणते, "बाबा, एकदा जाऊन सांगा ना त्यांना, काय झालं होतं ते."

काय झालं होतं, हे मला तरी कुठं माहीत आहे?