भांडण माझ्या नवऱ्याच्या चपलांवरून

कुत्री पाळणाऱ्या बायांनो, आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

आमच्या विक्रोळीच्या वन बीएचकेत चिंगी आणि ठमी ही दोन पिल्लं आहेत, सख्ख्या बहिणी. त्यांना भरवणं, फिरवणं, शी-शू पुसणं, इंजेक्शनला नेणं, सगळं मी करते. नवरा मरोळहून कामावरून येतो आणि फक्त "काय गं पोरींनो?" म्हणतो.

आज तो दारात चपला काढून आंघोळीला गेला. त्या चपलांवर झोपायला दोघी धावल्या. आधी गुरगुरल्या, मग चावाचावी. ठमीच्या कानातून रक्त आलं. मी मध्ये पाट घातला, एकीला बाल्कनीत, दुसरीला किचनमध्ये कोंडलं आणि चपला कपाटात टाकल्या.

शांत झाल्यावर सोडलं, तर दोघी पुन्हा दाराशी! म्हटलं, चपलाच हव्यात ना? घ्या. माझ्या ठेवल्या.

दोघींनी एकदा हुंगल्या आणि लांब जाऊन लादीवर एकमेकींना चिकटून झोपल्या.

नवरा म्हणतो, "बघ, तुझ्यामुळे भांडण मिटलं ना!"

मिटलं रे बाबा. पण माझ्या चपलांसाठी साधं गुरगुरावंसंही वाटू नये कुणाला?