राणीच्या रुपयावरचे सात ठिपके

महाडच्या एसटी डेपोत तीस वर्षं गाड्यांची चाकं खोलली, आणि निवृत्तीनंतर काशीरामभाऊंना खूळ लागलं ते राणीछाप रुपयांचं. रुपया तो रुपया, त्यात बघायचं काय, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! १८६२ सालचा चांदीचा रुपया टाकसाळ पुढे कितीतरी वर्षं तोच आकडा ठेवून पाडत राहिली आणि खरं वर्ष ओळखू यावं म्हणून सालाखाली बारीक ठिपके देत गेली. कुणाला दोन, कुणाला चार. भाऊ भिंग लावून ते मोजत. महाड-पोलादपुरात कुणाच्या घरी जुना रुपया निघाला की भाऊंना निरोप जाई, आणि कपभर चहावर भाऊ खरंखोटं सांगून येत. माणूस थाप मारत नाही, अशी ख्याती होती. त्यांच्या स्वतःच्या डबीत सगळे होते, फक्त सात ठिपक्यांचा नव्हता. पंधरा वर्षांत तो कधी दृष्टीसही पडला नव्हता. बायको सोनाबाई म्हणायची, "एवढं देवाला शोधलं असतंत तर आत्तापर्यंत भेटला असता."

दिवाळीच्या तोंडावर पोलादपूरच्या वरच्या वाडीतून ठकूबाईचा निरोप आला. भाऊ पहिल्या गाडीने गेले. म्हातारी ओट्यावर देव घासत बसलेली. चिंच, राख, काथ्या, आणि काथ्याखाली राणी!

"अगो काकी, थांब!" भाऊ पायरीवरूनच ओरडले. "साल काढतेस काय रुपयाची?"

"लक्ष्मी हाय ती. काळी पुजू?" ठकूबाईने रुपया पदराला पुसून पुढे केला. "नातू म्हनतो, लाखाला जातो. मला इकायचा नाय. साधा असंल तर तुमीच न्या, फुकट. पुजेला दुसरा हाय. पन मोलाचा असंल तर तो देव्हाऱ्यातच ऱ्हाईल."

भाऊंनी भिंग लावलं. एक, दोन... सात. उलटीकडून मोजले, तरी सात. नुसतं 'साधा हाय' म्हटलं की रुपया खिशात! दुसरं भिंग होतं कुणाकडे पंचक्रोशीत? म्हातारी तोंडाकडे बघत होती, अगदी निर्धास्त. मेलीने संशय तरी घ्यायचा!

"मोलाचा हाय, काकी," भाऊ कडू काढा गिळल्यासारखे म्हणाले. "पंधरा वर्षं ह्यालाच शोधतोय मी." डोळे भरून आले, लपवायलाही सुचलं नाही.

"मंग ऱ्हाऊ दे देव्हाऱ्यात," म्हणत ठकूबाईने काथ्या पुन्हा राखेत बुडवला.

भाऊंनी तिचा हातच धरला. "नको गो! ठिपके झिजतील, मग काय ऱ्हायलं त्याच्यात?"

"लगीन होऊन आले तवापास्नं घासते. देव काय काळा ठेवायचा?"

अर्धा तास हुज्जत झाली. भाऊंचं सगळं ज्ञान तिच्या एका लक्ष्मीपुढे पालथं पडलं. शेवटी वैतागून तिने चिंचेची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. "मंग तुमीच घासा. कुटं घासायचं नि कुटं नाय ते तुमालाच कळतंय. दर दिवाळीला यायचं. हाय कबूल?"

जुन्या नाण्याला बोटसुद्धा लावू नये, हे सगळ्या तालुक्याला सांगत फिरलेला हा माणूस. तोच मांडी घालून बसला. राख लांब सारली, मागच्या बाजूच्या सालावर अंगठा दाबून धरला आणि मऊ फडक्याने राणीचं तोंड तेवढं उजळलं.

तेव्हापासून दर लक्ष्मीपूजनाला सकाळी भाऊ वाडीवर असतात. घासायचं काम पाच मिनिटांचं, पण अर्धा तास पुरवतात. ठकूबाई हात पुढे करून थांबते. रुपया तिच्या हातावर ठेवताना भाऊंची बोटं अजून लवकर सुटत नाहीत.