स्वेच्छेने दिलेला एक दिवसाचा पगार

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्या लेखी मी भला माणूस आहे. असू द्या. तुम्हाला मात्र सांगतो — आणि ऐकून किळस आली तर येऊ द्या.

ताडकळसच्या अलीकडं एका गावात मी मुख्याध्यापक होतो. भूकंपाच्या साली वरून पत्र आलं — प्रत्येकानं एक दिवसाचा पगार सरकारी मदतनिधीला 'स्वेच्छेने' द्यावा, करात सूट मिळेल. स्वेच्छेने! आमच्या निम्म्या मास्तरांना करच लागत नव्हता, तरी पावती जपून ठेवा म्हणून एकमेकांना बजावत होते. आणि मी? मला शंभर टक्के शाळा हवी होती, म्हणजे एकही मास्तर सुटलेला नको. अशा शाळांच्या मुख्याध्यापकांचा परभणीला सत्कार होता — शाल आणि नारळ. तेवढ्यात माझा जीव अडकला होता.

अडले एकटे साळवे सर. गावातल्या बौद्ध वस्तीतले, गणित शिकवायचे. नामांतराच्या दंगलीत त्यांचं घर जाळलं होतं. संमतिपत्र त्यांनी कोरंच परत केलं.

"आमचं घर जळालं तवा पंचनामा तेवढा झाला, सर. पत्रा काय आला न्हाई. सरकारच्या हातात मी देणार न्हाई. आमी सोता नेऊन देऊत."

आणि दिलं की! त्यांच्या शब्दावर वस्तीनं घरातल्या चादरी, ज्वारी काढून दिली. पोती घेऊन ते एसटीनं भूकंपाच्या गावांकडं गेले, त्याच दिवशी मी त्यांच्या नावापुढं सही ठोकली.

शाल मिळाली. मग पावत्या आल्या. साळव्यांची पावती शिपायानं वस्तीत नेऊन दिली आणि बोभाटा झाला. आम्हाला एक सांगतो अन् स्वतः गुपचूप सरकारला देतो? मग आमच्या चादरी तरी पोचल्या का?

खोटी सही — नुसती तेवढीच असती तर मी सांगत बसलो नसतो. तसल्या पुष्कळ केल्या. पण दुसऱ्या दिवशी साळवे सर वस्तीतल्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"सही माझी न्हाई, एवढंच यांना सांगा, सर."

त्यांनी हात जोडले होते. एरवी केवढा ताठ माणूस! आणि मला — कसं सांगू? — मला मजा वाटली. भीती नव्हती, नाइलाज नव्हता. मजा. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "दिलेलं दान असं नाकारू नये, सर. सही तुमचीच आहे."

म्हातारे साळवे सरांना तिथंच सोडून निघून गेले. साळवे सरांनी त्यानंतर वस्तीत कुणाकडं काही मागितलं नाही. मागितलं असतं तरी दिलं कोणी असतं?

जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं. वस्तीनं मिरवणूक काढली. ज्या नावासाठी साळवे सरांचं घर गेलं, त्या नावाच्या मिरवणुकीत ते सगळ्यांच्या मागं, एकटे चालत होते. त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं. मी शाळेच्या ओट्यावर उभा राहून ते पाहिलं.

मला बरं वाटलं.