मुरमाला एक पावसाळा

येत्या मेमध्ये चार वर्षं होतील. भर सीझनला मी महाबळेश्वर सोडलं. टेम्पोत कपाट चढवायला टॅक्सी स्टँडवरचे तुम्ही सगळे आला होतात आणि दोरी आवळता आवळता माझी खेचतही होतात. "बायकोच्या नोकरीमागं चाललाय गडी!" खोटं नव्हतं ते. सुनंदाला खाली सपाटीवरच्या आष्ट्यातल्या दवाखान्यात नर्सची कायमची नोकरी लागली होती. माझ्याकडं कायमचं असं काही नव्हतं. पाहुण्यांना पॉइंट दाखवायचे आणि पावसाळाभर गाडीवर ताडपत्री टाकून बसून राहायचं. वडील गेल्यापासून घरात आई आणि आम्ही दोघंच. आई टेम्पोपर्यंत आलीच नाही. उंबऱ्याच्या आतूनच म्हणाली, "तिथं तरी एका जागी बूड टेकव."

ते काही जमलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. वर राहिलेल्या तुम्हाला आणि माझ्यासारखे घाट उतरून गेलेल्यांनाही हे लिहितोय. उतरलेल्यांना बहुतेक आपलंच वाटेल.

आष्ट्यात पहिलं वर्षभर डोळे कुठं ठेवायचे तेच मला कळेना. सगळीकडं सपाट. ऊस, आणि त्याच्या पलीकडं ऊस. मी शाळेची व्हॅन चालवायला लागलो, पण चढ नाही, वळण नाही, गाडी चालवतोय असं वाटायचंच नाही. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मी सरळ वर. हायवेवर मलकापूरला चहा, साताऱ्यावरून मेढा, केळघरचा घाट आणि अंधार पडायच्या आत आईच्या हातची भाकरी. सुनंदा म्हणायची, "आवं, एक रविवार तरी हितं काढा." मी आईचं कारण सांगायचो. कारण खरं होतं, म्हणून ते सांगायला सोपं जायचं.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टात आईला न्यूमोनिया झाला. आपल्याकडचा ऑगस्ट तुम्हाला काय सांगायचा? भिंतीला ओल, अंथरुणाला ओल, चुलीवर टांगलेलं लुगडं चार दिवस ओलंच. डॉक्टरांनी बजावलं, यांना पुढचा पावसाळा इथं काढू देऊ नका. बरी झाल्यावर आई कबूल झाली, पण अट घातली. "घरात कोंडून न्हाई ऱ्हायची मी. मागं बसायला जागा कर, मग येते."

आम्ही तोवर आष्ट्यात छोटं घर घेतलं होतं. मागं परडं ऐसपैस होतं, पण सगळं काळ्या मातीचं. उन्हाळ्यात त्या मातीला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. पावसात तीच माती फुगते आणि पायातली चप्पल काढून घेते. तिथं फरशी केल्याशिवाय आईचं बसणं शक्यच नव्हतं. मार्चमध्ये मी रफीकभाई गवंड्यांना बोलावलं. त्यांनी पहारीनं चार ठिकाणी टोचून बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, ही माती जाग्यावर ऱ्हात न्हाई. तीन फूट काढून टाका. मुरूम भरा, पाणी मारा, धुमसानं चोपा. मग एक पावसाळा खाऊ द्या त्याला. फरशी फुडल्या साली."

पुढच्या साली! म्हणजे आईनं आणखी एक पावसाळा वर काढायचा. आणि खरं सांगायचं तर मला रागही आला. जिथं एकदा पाऊस लागला की चार महिने ऊन दिसत नाही, तिथं जन्मलेल्या माणसाला हे पावसाचं शिकवणार? आपल्याकडं लाल माती. जांभ्याचा दगड एकदा ठेवला की नातवंडं होईपर्यंत तिथंच. आपल्याला चिंता एकच, पाणी घालवायचं कसं. मी रफीकभाईंना चहा पाजून वाटेला लावलं. वरच्या घरामागं पडलेल्या गोठ्याचा जांभा टेम्पोत घालून आणला, माती वरवर साफ केली, वाळू पसरली आणि दगड बसवून टाकले. कुंपणाकडं असा दणदणीत उतार दिला की महाबळेश्वरचा पाऊस आला असता तरी लाजून वाहून गेला असता.

मेमध्ये आई आली. दगडावरून हात फिरवत म्हणाली, "हे आपल्या गोठ्याचं न्हवं?" रोज सकाळी भिंतीला पाठ लावून ती तिथं तांदूळ निवडत बसायची. ते पाच-सहा आठवडे मी इतका मिजाशीत होतो की शेजाऱ्यांना बोलावून उतार दाखवायचो.

जुलैत सगळं बिघडलं. माझ्या त्या उतारावरून पाणी कुंपणाशी जाऊन साठलं, तिथली माती फुगली आणि तिनं फरशीची ती कड वर उचलली. उतार उलटा झाला. पाणी स्वयंपाकघराच्या दाराशी यायला लागलं. दगड सुटे होऊन डुगडुगायला लागले. एका सकाळी आईचा पाय एका दगडावरून सरकला. सुनंदानं धरलं म्हणून वाचली. त्यानंतर आई घरातच. खिडकीत बसायची, टीव्हीकडं पाठ करून. जे होऊ नये म्हणून तिनं अट घातली होती, तेच मी तिला दिलं होतं. गणपती झाल्यावर म्हणाली, "मला वर सोड." गाडीत रागावली नाही, फक्त घाटात म्हणाली, "जमीन हाय रं ती, टॅक्सी न्हाई. दामटून चालत न्हाई."

मी मान खाली घालून रफीकभाईंकडं गेलो. ते हसलेसुद्धा नाहीत, हेच जास्त लागलं. आम्ही दगड काढले, तीन फूट काळी माती बाहेर टाकली, मुरूम भरला, थरावर थर चोपला. मग पुढचा पावसाळा आला आणि करण्यासारखं काही उरलंच नाही. माझ्यासारख्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. रोज मागं जाऊन टाचेनं दाबून बघायचो. शनिवारीच काय, बुधवारीसुद्धा औषधं घेऊन वर पळायचो, आईच्या छातीला कान लावल्यासारखा तिचा खोकला ऐकायचो.

आईनं तो पावसाळा निभावला. नोव्हेंबरात रफीकभाईंनी मुरमात पहार मारली. ती खण्णकन उडाली. "बसला भाऊ. घाला आता फरशी."

आणि मी फरशी घातली नाही. ऊसतोड सुरू झाली, रस्ते जाम आहेत, रफीकभाईंना वेळ नाही, काय वाटेल ते सांगितलं सुनंदाला. महिना गेला. डिसेंबरातल्या एका शनिवारी वर गेलो, तर आईनं ताट वाढता वाढता विचारलं, "मुरूम बसला का रं?"

"अजून न्हाई," मी म्हणालो.

आईनं ताट खाली ठेवलं. "सुनंदा तर म्हनली, कवाच बसला. तुला न्यायची नसंल मला, तर तसं सांग की."

त्यावर जे तोंडातून निघालं, ते मलाही तोवर ठाऊक नव्हतं. "आई, तू खाली आलीस तर मी कुणाकडं येऊ?"

तिनं ताट पुन्हा उचलून माझ्यापुढं सरकवलं. मग म्हणाली, "आन मी काय भिंती राखत हुते व्हय हितं? दर शनवारी तू दमून येतोस. तुला यायला जागा आसावी म्हनून ऱ्हायले. मला लय एकटं वाटतं रं." पंचेचाळिशीचा बाप्या मी, पानावर बसून रडलो. इतके दिवस आई माझ्यासाठी आणि मी आईच्या नावावर ते घर उघडं ठेवत होतो, आणि त्या भिंती खरं तर दोघांनाही नको होत्या.

दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लावलं. त्याच आठवड्यात फरशी झाली. उतार रफीकभाईंनी दिलाय, बेताचा.

शनिवारी शाळा सुटली की पाय अजून वळवळतात. परवा कुणाला न सांगता व्हॅन काढली, पेठ नाक्यापर्यंत गेलो, हायवेवर थोडा वेळ थांबलो आणि परतलो. वर जाऊन काय, कुलपाशी बोलायचं? मागं फरशीवर आई शेंगा सोलत बसली होती.

"कुठं गेलतास?"

"कुठं न्हाई."

"मग सांगून जात जा. वाट बघत हुते मी."

चैन मला अजून पडत नाही, खोटं कशाला बोलू. आष्टा माझं गाव झालंय असंही म्हणवत नाही. पण माझी वाट बघणारं माणूस आता घाटाच्या खाली आहे, आणि माझं घर तेवढंच होतं. ते तिच्याबरोबर, व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसून खाली आलं.