कॉम्प्रेसर आणि बोडीचं पाणी

वडिलांचा आजार मणक्यात पसरल्याचं कळलं तेव्हा धानाची कापणी चालू होती. औषध चढवायला दर पंधरा दिवसांनी नागपूरला न्यायचं होतं. हमरस्ता चांगला होता. अडचण होती ती घरापासून हमरस्त्यापर्यंतची. आमचं गाव नवेगाव बांधच्या अलीकडे. गावाबाहेर बोडी, म्हणजे आमच्या घराण्याने कधीकाळी बांधलेला लहान तलाव. गावाची वाट या बोडीच्या पाळीवरून जाते आणि पावसाळ्यानंतर तिच्यात खड्ड्यांशिवाय काही उरत नाही. अॅम्ब्युलन्सच्या चालकाने पाळ पाहिली आणि गाडी तिकडेच थांबवली. धाकट्या भावाची पिकअप होती. मागच्या डाल्यात गादी टाकून, वर ताडपत्री बांधून पहिली खेप तिनेच केली.

पिकअपचे कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगा, धानाच्या पोत्यांसाठी असतात. एका आजारी माणसाचं वजन त्यांना जाणवत नाही, आणि रिकामी पिकअप उसळते. पाळीवर वडील ओरडले नाहीत. त्यांनी गादीची कड दातांत धरली होती. घरी आल्यावर आईने पाहिलं, कापड फाटलं होतं.

"आता नाई जात मी," ते तिला म्हणाले. "बिमारी काय मारते? रस्ताच मारते."

दुसऱ्या दिवशी भाऊ गाडी घेऊन गोंदियाला गेला. तिथल्या मिस्त्रीने मागचे काही पाटे काढले आणि एक्सल व चेसिसच्या मध्ये रबरी फुगे बसवले. फुग्यांत हवा असली की गाडी तरंगल्यासारखी चालते. हवा भरायला बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि छोटी टाकी लागते. हे दोन्ही भावाने खोक्यातच घरी आणलं, कारण शेतातल्या पंपांचं वायरिंग तो स्वतःच करतो. निघताना मिस्त्रीने घरी पोचण्यापुरती हवा भरून दिली होती आणि बजावलं होतं, "हवा नहीं रही तो गाड़ी मत चलाना भैया. पट्टे निकाल दिए हैं, एक्सल सीधा चेसिस को मारेगा."

म्हणजे हवा गेली तर गाडी आधीपेक्षा वाईट होणार होती.

वायरिंगला सकाळ लागली. बॅटरीच्या प्लसवरून जाड लाल वायर निघाली, वीतभर अंतरावर तिला फ्यूज. तिथून ती पन्हळी नळीत घालून चेसिसच्या आतल्या बाजूने मागे नेली. एक्झॉस्टजवळ वितळू नये म्हणून तिथे तिला दुसऱ्या बाजूला वळवलं. मध्ये रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच. रिलेला इशारा देणारी बारीक वायर चावीच्या लाइनवरून घेतली, म्हणजे चावी लावल्याशिवाय कॉम्प्रेसर चालू होणार नाही. टाकीवर प्रेशर स्विच होता, टाकी भरली की तो पुरवठा तोडतो. अर्थिंगसाठी चेसिसचा रंग खरवडून उघडं लोखंड काढलं. कॉम्प्रेसर आणि रिले मागच्या चाकाजवळ डाल्याखाली बसवले, तिथेच जागा होती. वायर धरायला मी होतो.

वडील अंगणात बाजेवर उशीला टेकून पाहत होते. भावाने चावी फिरवली आणि कॉम्प्रेसर घुरघुरू लागला.

"डुक्कर बांधला का रे गाडीखाली?"

"तुमच्यासाठीच बांधला जी."

"मी का काचेचा हाव?"

"काचेचे असते तं गवतात गुंडाळून नेले असते," आई म्हणाली. वडील हसले. त्या आठवड्यात प्रथमच.

गाडीची मागची बाजू हळूहळू उचलली गेली. प्रेशर स्विचने कॉम्प्रेसर बंद केला. भावाने डाल्यात चढून उड्या मारल्या, गाडी मऊ हलली. वडिलांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"पानी लावला का हिले?"

आमच्या घरी नवी वस्तू आली की तिला आधी बोडीचं पाणी लावतात. नांगर, सायकल, ट्रॅक्टर, सगळ्यांना लावलं होतं. गाडी असेल तर ती उथळ बाजूने पाण्यात घालून धुतात, मग हळदकुंकू. उद्या सकाळी निघायचं होतं. भाऊ गाडीत बसला. त्याने नेहमीसारखी गाडी उलटी पाण्यात घेतली. डाल्यातला धानाचा भुसा वाहून जावा म्हणून सगळे तसंच करतात. मागची चाकं अर्धी बुडाली. चावी चालू होती. थोड्या वेळाने टाकीतली हवा कमी झाली असावी, कॉम्प्रेसर आपोआप सुरू झाला, पाण्याखाली एकदा गुरगुरला आणि थांबला.

आमचं अंगण पाळीच्या पायथ्याशी, बोडीला लागून आहे. वडिलांनी तिथून ऐकलं.

"काऊन थांबला?"

"पानी ओढला जी त्यानं," भाऊ पाण्यातूनच म्हणाला.

वडील म्हणाले, "मीच सांगतलो. जाऊ दे बापू. नाई जाचा म्हनलो होतो ना मी."

भावाने गाडी बाहेर काढून कॉम्प्रेसर सोडवला. फ्यूज जळला होता, रिलेत पाणी होतं, टाकीच्या तळाची तोटी उघडल्यावर त्यातूनही पाणी निघालं. मोटरचं आवरण उघडून त्याने भाग पुसले. आईने ते सुपात मांडून उन्हात ठेवले आणि कोंबड्या हाकलत जवळ बसली. भाऊ नवेगाव बांधला जाऊन रिले आणि फ्यूज घेऊन आला. कॉम्प्रेसर परत खाली बसवला नाही. तो ड्रायव्हरच्या सीटमागे गेला, रिले डॅशबोर्डखाली. नवी वायर ओढली, हवेची नळी तेवढी मागे नेली. दिवस मावळायच्या आत चावी फिरवली तेव्हा मोटर आधी चरचरली, मग सुरळीत चालली. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावून पाहिलं. एके ठिकाणी बुडबुडे आले, तिथला नट आवळला.

सकाळी गाडी अंगणात उभी होती तेव्हा वडील भिंतीला धरून स्वतः बाहेर आले. फुगे रात्रभर भरलेलेच होते. त्यांनी वाकून ते पाहायचा प्रयत्न केला, वाकता आलं नाही, तेव्हा भावाला विचारलं, "टिकली का हवा?"

"टिकली जी."

जाताना पाळीवर त्यांनी ताडपत्रीचा बांबू घट्ट धरून ठेवला होता. गादी धरली नाही. मी शेजारी बसलो होतो. येताना कोहमाऱ्याला हमरस्ता सोडायच्या आधीच त्यांना झोप लागली. खराब वाट सगळी पुढेच होती. पाळीवर भावाने गाडी माणसाच्या चालीने नेली. खड्ड्यांत डाला खाली जायचा आणि आवाज न करता वर यायचा. वडिलांचे डोळे मिटलेले होते, जबडा सैल होता.

अंगणात भावाने डाल्याची साखळी सोडली. त्या खणखणाटाने ते जागे झाले.

"कोहमारा आला का रे?"

"घर आला, बाबूजी."

त्यांनी मान वळवून पाहिलं. दारात आई उभी होती. ते लगेच उठले नाहीत.

"पुढं कधी जाचा हाय?" त्यांनी विचारलं.

उन्हाळा लागेपर्यंत ते प्रत्येक खेपेला गेले. मग औषधाचा उपयोग होईना म्हणून डॉक्टरांनी ते थांबवलं.