लाईट होती

सदर इसम नामे फकरुद्दीन मुकादम, वय पन्नाशीच्या पुढे, राहणार किहीमजवळ, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, हे मस्कत येथील प्रदीर्घ सेवेनंतर स्वदेशी परतले असून राहत्या घराच्या पडवीत संगणकचलित काष्ठकोरीव यंत्राद्वारे स्वयंरोजगार करतात. वर्तणूक चांगली. आवाज वगळता शेजाऱ्यांची तक्रार नाही.

सरळ सांगायचं तर फकरुद्दीन मस्कतच्या एका फर्निचर कारखान्यात गोदाम सांभाळायचा. तिथलं अवाढव्य सीएनसी मशीन त्याने वर्षानुवर्षं काचेपलीकडून पाहिलं. हात लावायची परवानगी नव्हती. परत आल्यावर त्याने त्याच जातीचं एक धाकटं मशीन मागवलं आणि पडवीत बसवलं. लॅपटॉपवर नक्षी काढायची, फळी आवळून बसवायची, की फिरतं पातं आपोआप सरकत ती नक्षी कोरत जातं. गावाने त्याला 'फकरूचा उंदीर' असं नाव ठेवलं, कारण ते दिवसभर लाकूड कुरतडतं.

त्या दिवशी उंदराच्या दाढेखाली शेजारच्या आवडाबाईंची फळी होती. वादळात त्यांच्या परसातला फणस आडवा झाला, त्यातली एकच रुंद फळी उरली होती. तिचा झोपाळा व्हायचा होता, कडेने फणसाच्याच पानांची नक्षी. "बिघडली तर दुसरी आणायला झाड न्हाय हां, फकरू," असं बजावून आवडाबाईंनी ती दिली होती.

निम्मी पानं कोरून झाली आणि मशीन थांबलं. भुसा ओढणारा व्हॅक्यूमही गप्प झाला.

"लाईट गेली," फकरुद्दीन म्हणाला.

आमच्या किनाऱ्यावर काहीही थांबलं की लाईट गेलेली असते. आणि गेलेल्या लाईटीचं काही करायचं नसतं. ओहोटीचं पाणी कुणी बोलवायला जातं का? फकरुद्दीन खुर्चीत बसला. भुसा उडू नये म्हणून तो काम चालू असताना पंखा बंद ठेवायचा. दिवसाढवळ्या दिवा लावायचं कारण नव्हतं. लॅपटॉप बॅटरीवर चालू, म्हणजे तोही साक्षीला निरुपयोगी. शहरबानू मागीलदारी मासळी साफ करत होती. नवऱ्याचा निकाल तिनेही मान्य केला. फकरुद्दीनने डुलकी काढली.

तो जागा झाला तो शेजारच्या मिक्सरच्या आवाजाने.

"काकी!" तो दोन परसांमधल्या गडग्यावरून ओरडला. "लाईट आली काय?"

"गेली कवा व्हती?" आवडाबाई आतून म्हणाल्या. "मी मघाधरनं वाटण वाटतंय."

फकरुद्दीनचा चेहरा पडला. लाईट जाणं हे संकट नव्हे, तो सार्वजनिक कार्यक्रम आहे. लाईट असताना आपलंच मशीन बंद असणं, ही मात्र खाजगी बाब झाली.

मशीनवरचं लाल बटण चुकून दाबलं गेलं नव्हतं. प्लग काढून त्याने मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा फ्यूज पाहिला, शाबूत होता. एक्स्टेन्शन बोर्डात टेस्टर घातला, तो झकास पेटला. म्हणजे लाईट बोर्डापर्यंत येत होती आणि पुढे मशीनच खात नव्हतं. डबा जळाला असणार. नवा डबा कुठून, कधी येणार, देव जाणे. तोवर पातं फळीत रुतलेलं.

"अहो, काकींना सांगून टाका," शहरबानू म्हणाली.

सांगायची गरज पडली नाही. आवडाबाई स्वतःच गडगा ओलांडून आल्या, फळीभोवती फिरल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या.

"किती उकडतंय हितं. पंखा तरी लाव रे मेल्या."

पडवीतला टेबलफॅन फकरुद्दीनने त्याच बोर्डात लावला. पंखा फिरला नाही.

"ह्यो पण मेला?" आवडाबाई म्हणाल्या. "तुझ्या हाताला काय झालंय काय?"

फकरुद्दीन पंख्याकडे पाहत राहिला आणि मग असा हसला की शहरबानूला काळजी वाटली. न फिरणाऱ्या पंख्याकडे बघून इतका आनंदी झालेला माणूस तालुक्यात दुसरा नसेल.

"काकी, पंखा चांगला आहे! मशीनपण चांगलं आहे! बोर्ड मेलाय."

"मग हसतोस काय?"

"टेस्टर फक्त लाईट आली का तेवढंच बघतो. परत जायला रस्ता आहे का, ते बघत नाही. पलीकडच्या धक्क्यावरून लाँच रेवसला आली, पण परतीची बंद, तर फेरी होईल काय?"

घराचा मेन बंद करून त्याने बोर्ड उघडला. परतीच्या तारेचा स्क्रू मशीनच्या थरथरीने ढिला झाला होता. खाऱ्या हवेने तांबं हिरवं पडलेलं, त्यात मशीन आणि व्हॅक्यूम दोन्हींचा भार. तारेचं टोक जळून कोळसा. बोर्ड भंगारात गेला. मशीन थेट भिंतीतल्या मोठ्या सॉकेटला लागलं, व्हॅक्यूमला स्वयंपाकघरातली वेगळी जागा मिळाली.

मशीन चालू झालं, पण आपण कुठे होतो हे विसरलं होतं. चुकीच्या जागेवरून सुरू केलं, तर पानांवर पानं चढून फळी फुकट. फकरुद्दीनने काम सुरू करताना कोपऱ्यात बारीक भोक पाडलं होतं, मशीनची सगळी मापं तिथूनच सुरू व्हायची. पातं वर उचलून त्याने ते हळूहळू त्या भोकावर आणलं. शहरबानू टॉर्च धरून वाकली.

"डावीकडे. अजून. बस, बस! जरा मागे या."

पहिली फेरी त्याने लाकडाच्या वरून, हवेतच मारली. पातं कोरलेल्या पानांवरून नेमकं फिरलं. मग 'बिस्मिल्ला' म्हणून त्याने ते खाली सोडलं. आवडाबाईंनी डोळे मिटून घेतले. पातं जुन्याच खोबणीत उतरलं आणि पुढच्या पानाकडे निघालं.

फळी पुरी झाल्यावर आवडाबाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं. एका देठापाशी बोट अडलं.

"हितं काय लागतंय?"

"तिथं लाईट गेली होती, काकी."

"लाईट व्हती," आवडाबाई म्हणाल्या आणि फळीचं एक टोक उचललं.

सदर झोपाळा आवडाबाईंच्या ओटीवर बसवण्यात आला असून पूर्ण उपयोगात आहे. त्यावर सोललेल्या कोळंबीचे सोडे वाळतात. हलत्या फळीवर मांजर चढत नाही.