सोनेरी शॉकअप

आमच्या गल्लीतल्या एका शेजाऱ्यानं जुन्या मोटारसायकलला पुढे मोठ्या गाडीचे जाड, सोनेरी शॉकअप बसवून घेतले. कारण काय, तर लातूरचे रस्ते. "आता कसलाबी खड्डा येऊ द्या, पोटातलं पाणी हलणार न्हाई," असं त्यानं चहाच्या टपरीवर प्रत्येकाला दोन-दोनदा ऐकवलं.

रोज सकाळी तो गाडीपुढे उकिडवा बसतो आणि ते शॉकअप मऊ फडक्यानं पुसतो. तेवढेच पुसतो. चेन वाळलेल्या सोयाबीनसारखी खुळखुळते आणि त्यानं ब्रेक दाबला की गल्लीतली झोपलेली कुत्री उठून बसतात. इंजिनचं ऑइल शेवटचं कधी बदललं, हे त्यालाही आठवत नाही. मला राहवलं नाही, एकदा बोललोच. तर हसून म्हणाला, "भाऊ, ऑइल कुणाला दिसतंय?"

स्पीडब्रेकर आला की हा गडी चक्क खाली उतरतो आणि बाळंतिणीला चालवावं तशी गाडी हळूहळू पलीकडे नेतो. का, तर शॉकअपला दणका बसू नये!

परवा त्याला आईला घेऊन मुरुडला मामाकडे जायचं होतं. सकाळीच माझ्या दारात हजर. "भाऊ, तुमची गाडी द्या की. तिकडचा रस्ता लई बेकार हाय."

मी किल्ली काढून दिली.

संध्याकाळी किल्ली परत करताना त्याचं तोंड उतरलेलं होतं. म्हणाला, "राग मानू नका भाऊ, पण पुढचे शॉकअप बदलून घ्या. म्हातारीची कंबर गेली."